मेंदूत गाठ सापडलीय? आधी एक दोनशेपानी वही घ्या

आमच्या आईच्या ताटात आधी मीठ राहायला लागलं. मग लिंबाची फोड, मग चटणी. "आज कोशिंबीर केली नाहीस का गं?" असं ती विचारायची आणि कोशिंबीर तिच्या ताटातच असायची. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. चष्मा बदलला. मग दिवाळी आली. तिने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. उजवी बाजू नेहमीसारखी रेखीव होती आणि डावीकडचे ठिपके तसेच मोकळे. भाऊ उंबऱ्यात उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "ताई, हे डोळ्यांचं नाहीये."

ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, हे आपण कधी मुद्दाम लक्षात घेत नाही. आईच्या मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, जरा मागच्या बाजूला गाठ होती आणि त्यामुळे जगाची डावी बाजू तिच्या ध्यानातूनच उतरली होती. नजर शाबूत होती, पण डावीकडे काही आहे हेच तिला वाटत नव्हतं. आणि यात काही बिघडलंय हेही तिला पटत नव्हतं. पोट दुखलं तर माणूस पोट दुखतं म्हणतो. इथे तक्रार करायची ज्याने, तोच अवयव आजारी असतो. म्हणून या आजारात घरच्यांनी बघायचं आणि लिहून ठेवायचं काम इतर कुठल्याही कॅन्सरपेक्षा जास्त असतं.

मी डॉक्टर नाही. आईचं सगळं एकोणीस महिने केलं, आणि त्यानंतर मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्या ओळखीच्या-अनोळखी घरांबरोबर फिरते. नव्याने या चक्रात आलेल्यांना मी जे सांगते ते इथे लिहितेय. औषधाचा डोस, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

संशय कधी घ्यायचा

डोकं सगळ्यांचंच दुखतं आणि बहुतेकांच्या डोक्यात गाठ नसते, हे आधी. काळजी करावी अशी डोकेदुखी नवी असते, आठवड्यागणिक वाढत जाते, पहाटे किंवा सकाळी उठल्यावर जास्त असते आणि सोबत उलटी होते. रात्रभर आडवं राहिल्याने कवटीतला दाब वाढतो, म्हणून सकाळ वाईट जाते. पित्ताची गोळी घेऊन लोक महिने काढतात ते इथेच.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर मेंदूचा स्कॅन झालाच पाहिजे, मग फिट किती का छोटी असेना. फिट म्हणजे दर वेळी माणूस पडून हातपाय झाडतो असं नाही. एकच हात मिनिटभर उडणं, तोंडाचा कोपरा ओढला जाणं, नसलेला जळका वास येणं, बोलता बोलता माणूस क्षणभर हरवणं, हीसुद्धा फिट असू शकते. एका बाजूची ताकद कमी होणं, चप्पल पायातून निसटणं, शब्द न सुचणं, दोन-दोन दिसणं, हिशेबात चुका, आणि शांत माणूस अचानक तिरसट होणं किंवा बडबड्या माणसाने गप्प बसणं, हे सगळं वहीत तारखेसकट लिहा. लहान मुलांत सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणं, नव्याने आलेला तिरळेपणा, मान वाकडी धरणं यांकडे बघा. बाळाचं डोकं फार भरभर वाढत असेल तर डॉक्टरांना डोक्याचं माप घ्यायला सांगा.

स्कॅनमध्ये "गाठ" दिसली म्हणून लगेच हातपाय गाळू नका. आपल्याकडे टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ मेंदूत होते, दोन्हींमुळे फिट येते, आणि दोन्हींवर औषधं आहेत. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिन्जिओमा नावाची गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. उलट फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून मेंदूत आलेला असला, तर तो मूळचा मेंदूचा कॅन्सर नसतो आणि उपचारही वेगळे असतात. त्यामुळे "ब्रेन ट्यूमर निघाला" एवढ्या वाक्यावर गावभर फोन करायचे नाहीत.

वही

दोनशेपानी, पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. मोबाइलमध्ये लिहू म्हणाल तर चार्जिंग नेमकं ओपीडीच्या रांगेत संपतं, आणि रात्री पेशंटजवळ बसायला आलेल्या मावशीला तुमचा पासवर्ड माहीत नसतो. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, रक्तगट, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि रुग्णालयाचा फाइल नंबर. मागच्या पानापासून उलटं खर्चाचं लिहीत या. मधल्या पानांवर रोज दोन ओळी: झोप, जेवण, उलटी, चालणं, फिट आली असेल तर किती वाजता, किती मिनिटं, कुठल्या बाजूने सुरू झाली. "परवापासून जरा बरं नाही" यापेक्षा "मंगळवारी संध्याकाळपासून डाव्या हातात पेला धरता येत नाही" हे वाक्य डॉक्टरांच्या कामाचं असतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहा. तीनच. त्यांच्याकडे वेळ कमी असतो आणि आपलं डोकं त्या खोलीत शिरल्यावर चालत नाही. दोघांनी जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. आमच्याकडे पहिल्या भेटीला पाच जण गेलो होतो. बाहेर आल्यावर पाच जणांनी पाच गोष्टी ऐकल्या होत्या, त्यावरून रिक्षात भांडण झालं.

एमआरआयचा नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नका, सीडी मागा. फिल्मवर सगळं दिसत नाही आणि दुसरे डॉक्टर सीडीच मागतात. एका सेंटरने आम्हाला "सीडी नंतर घेऊन जा" म्हणून सांगितलं. त्या "नंतर"साठी भावाने साताऱ्याहून दोन फेऱ्या मारल्या. एमआरआयला जाताना पेसमेकर, जुन्या ऑपरेशनची क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असणं, हे आधी सांगायचं. रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट सोबत ठेवायचा.

कुठे जायचं

घाईत हातात येईल त्या रुग्णालयात डोकं उघडू नका. बेशुद्धी, न थांबणारी फिट किंवा मेंदूवर एकदम वाढलेला दाब असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जवळचं मोठं रुग्णालयच. नाहीतर बहुतेक वेळा दुसरं मत घेण्याइतके दिवस हातात असतात. डॉक्टरांना सरळ विचारा: आठ दिवस थांबलं तर चालेल का?

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ सालापासून उभं आहे, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्याचंच खारघरचं केंद्र म्हणजे ॲक्ट्रेक. प्रोटॉनचा शेक (शेक म्हणजे रेडिएशन) देण्याचं यंत्र तिथे २०२३ पासून चालू आहे. ते प्रत्येकाला लागत नाही. शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून मागायची ती गोष्ट नव्हे. मुलांच्या काही गाठींत आणि नाजूक जागी असलेल्या गाठींत त्याचा खरा उपयोग. टाटात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार असतात. डॉक्टर तेच, खर्चात मोठा फरक. नोंदणीच्या खिडकीवर गोंधळून प्रायव्हेट निवडणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे आदल्या दिवशीच ठरवून जा. मुंबई झेपत नसेल तर नागपूरजवळ जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. कुठेही जा, पण विचारा की या रुग्णालयात मेंदूचे सर्जन, शेक देणारे आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून पेशंटचा निर्णय घेतात का. त्याला ट्यूमर बोर्ड किंवा जॉइंट क्लिनिक म्हणतात.

राहायचं कुठे, हा प्रश्न उपचारांइतकाच मोठा. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. सगळीकडे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते आणि जागा लगेच मिळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेटा. लोक पैसे संपल्यावर तिकडे जातात. तोवर निम्मे पर्याय हातातून गेलेले असतात. मेंदूच्या गाठींच्या पेशंटसाठीच काम करणारी ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत आहे, तिचीही चौकशी तिथेच करा.

पैसे

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन जायचं. हेल्पलाइन १५५३८८. गोची कुठे होते ते सांगते. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून मग बिलं परत मिळतील अशी आशा धरू नका. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची, आणि रेशनकार्डावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय का ते घरून निघतानाच बघायचं. आमच्या आईचं रेशनकार्डावर माहेरचं नाव निघालं. तहसील कचेरीत चार दिवस गेले.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि खाट हवी म्हणून लेखी मागणी करा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो. गोव्यातल्या घरांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते बघावं. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातूनच मिळतो.

गोळ्यांच्या बाबतीत "औषध तेच, पण जेनेरिक चालेल का?" असं विचारायला लाजू नका. टेमोझोलोमाइड हे या कॅन्सरमधलं नेहमीचं केमो. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलच्या किमतीत बराच फरक असतो.

ऑपरेशन आणि तुकडा

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे तुम्हाला किमान चार जण सांगतील. त्यांना चहा द्या आणि बायॉप्सी करून घ्या. तुकडा तपासल्याशिवाय गाठ कुठल्या जातीची हे कळत नाही. काही जागा अशा असतात, उदाहरणार्थ मेंदूचा देठ, की तिथे तुकडा काढणंच धोक्याचं ठरतं. तो निर्णय सर्जनचा.

ग्रेड १ ते ४ असते. इतर कॅन्सरसारखी "स्टेज" इथे सहसा सांगत नाहीत, कारण मेंदूतला मूळ कॅन्सर मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर क्वचितच जातो. त्यामुळे "स्टेज कितवी?" विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देता आलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं वर्गीकरण नुसत्या सूक्ष्मदर्शकावर थांबत नाही, गाठीतल्या जनुकांतले बदलही बघतं. रिपोर्टमध्ये आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी असे शब्द येतील. त्यांतले कुठले तपासले, कुठले राहिले, एवढं वहीत लिहून घ्या. ऑपरेशन झालेल्या रुग्णालयातून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन ठेवा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. पुढे दुसरीकडे गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. प्लास्टिकच्या डबीत ठेवा, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका, मेण वितळतं.

ऑपरेशनच्या आधी डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड चालू करतात. आईने दोन दिवसांत चमत्कार केला. उठून बसली, स्वतःहून डावीकडची वाटी उचलली. मामा म्हणाले, "बघा, उगाच घाबरवत होते. आता ऑपरेशन कशाला?" गाठीभोवतीची सूज उतरली होती, गाठ होती तिथेच होती. हे ज्यांना आधी कुणी सांगत नाही ती घरं इथून पेशंटला परत गावी नेतात आणि महिन्याने स्ट्रेचरवर घेऊन येतात. हीच गोळी शुगर वाढवते, झोप उडवते, भूक वाढवते, चेहरा सुजवते. ती खाल्ल्यावर घ्यायची, डॉक्टरांना विचारून शक्यतो दिवसा. आणि एकदम कधीही बंद करायची नाही, हळूहळू कमी करत आणायची असते. ही गोळी मनाने चालूही करू नका. काही प्रकारच्या गाठींत आधी स्टेरॉइड दिलं तर तुकड्यातून निदानच नीट होत नाही.

शेक आणि गोळ्या

रेडिएशनला आपल्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्रेड ४ ची आईला होती ती गाठ, तिच्यात २००५ पासून रुळलेली पद्धत अशी: सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, एकूण ३० वेळा शेक, आणि त्या काळात रोज टेमोझोलोमाइड. मग महिनाभर विश्रांती, आणि त्यानंतर दर २८ दिवसांत ५ दिवस गोळ्या, असे साधारण सहा महिने. म्हातारी, अशक्त माणसं असतील तर शेक कमी दिवसांत आटपतात.

आधी एक दिवस मास्क बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराची राहते. आई म्हणाली, "मोदकपात्राची चाळण तोंडावर घातली." रोज तोच मास्क टेबलाला अडकवून डोकं स्थिर ठेवतात. दुखत काही नाही, पण ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांचा जीव घाबरतो. आधी सांगा. हात वर केला की यंत्र थांबवतात, हे पेशंटच्या कानावर दोनदा घाला. जिथून शेक जातो तिथले केस जातात. तिथे साबण, तेल, उटणं काही चोळायचं नाही.

टेमोझोलोमाइडची कॅप्सूल रिकाम्या पोटी, अख्खी गिळायची. फोडून पाण्यात कालवायची नाही. उलटीची गोळी त्याआधी. रक्ताची तपासणी चुकवायची नाही, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात. ताप आला तर "क्रोसिन देऊ आणि उद्या बघू" करायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. बद्धकोष्ठ हमखास होतं. इसबगोल, मनुकांचं पाणी चालेल का ते आधीच विचारून ठेवा.

शेक संपल्यावर साधारण महिन्याने एमआरआय होतो. त्यात कधीकधी गाठ वाढल्यासारखी दिसते आणि घर कोसळतं. शेकाच्या परिणामाने आलेली सूजही तशीच दिसते, ती पुढे आपोआप उतरू शकते. म्हणून डॉक्टर "पुढचा एमआरआय बघू" म्हणाले तर ते टाळताहेत असं समजू नका.

फिट आली तर

हे पान वहीत लाल शाईने लिहा आणि घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून वाचून घ्या.

घड्याळ बघा. पेशंटला एका कुशीवर करा, डोक्याखाली घडी केलेली चादर किंवा स्वतःचा तळवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल. जवळचं स्टूल, कप, विळी बाजूला. तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. दात तुटतात, पाणी फुप्फुसात जातं. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवू नका. फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चप्पल घेऊन जाते. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ लावा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो कपाटात कुलपात नको, दाराच्या खुंटीला पिशवीत टांगा. फिट थांबल्यावर माणूस गुंगीत असतो, अर्धा-एक तास झोपू द्या, पूर्ण जागा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही.

फिटेच्या गोळीची वेळ चुकवायची नाही. उपासाच्या दिवशीही. आणि दुचाकी बंद. गाडीची किल्ली लपवण्यावरून आमच्या ओळखीच्या एका घरात महिनाभर अबोला होता, पण किल्ली लपवलेलीच बरी. विहीर, नदी, गच्चीचा कठडा, एकट्याने चुलीसमोर बसणं, न्हाणीघराची आतली कडी, यांचा विचार करा. आमच्या न्हाणीघराची कडी भावाने उपटूनच टाकली.

माणूस बदलतो तेव्हा

याची तयारी कुणी करून देत नाही. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ माणसाचा धरबंध काढून घेते. आयुष्यात शिवी न दिलेला माणूस सुनेसमोर शिव्या देतो. कुणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघत बसतो, आणि घरचे म्हणतात आळस आलाय, मन मारून बसलाय. फिटेच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते, लेव्हेटिरासिटाम त्यातली एक. गोळी बदलता येते, पण त्यासाठी हे डॉक्टरांना सांगावं लागतं आणि लोक लाजेने सांगत नाहीत.

आई एकदा मला म्हणाली, "तू कोण? माझ्या मुलीला बोलाव." मी आत जाऊन रडले आणि साडी बदलून परत आले. तेव्हा म्हणाली, "आलीस? मघाशी एक बाई आली होती, उद्धट होती." आता हसू येतं.

वाद घालून काही मिळत नाही. विषय बदला, खोली बदला, दहा मिनिटांनी परत या. बोलता येत नसेल तर एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि मग थांबायचं. शब्द आपण पुरवायची घाई करायची नाही. आईसारखं डावं विसरणारं कुणी असेल तर सुरुवातीला उजव्या बाजूने जाऊन बोला, आणि हळूहळू डावीकडे बघायची आठवण द्या. जेवण अर्धं झालं की ताट फिरवायचं. एवढ्या एका युक्तीने आईचं जेवण वाढलं, आणि ही युक्ती आम्हाला फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितली.

कागद लवकर करा

सही जमतेय तोवर. खात्यावर दुसरं नाव, "दोघांपैकी कुणीही" अशा पद्धतीने. नॉमिनी. पेन्शन, विमा, पीएफ. शेताचे कागद कुठे आहेत. लोक मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात, पण आपल्याकडच्या कायद्यात ज्याने ते दिलं त्याची समजच गेली तर मुखत्यारपत्रही टिकत नाही. मृत्युपत्र करायचं असेल तर "मानसिकदृष्ट्या सक्षम आहे" असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा घ्या. शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे पेशंटला आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

मदत करणाऱ्यांसाठी

"काही लागलं तर सांगा" म्हणू नका. कुणी सांगत नाही. "गुरुवारी शेकाला मी घेऊन जाते, तू झोप" असं म्हणा. डबा द्यायचा तर मऊ भात, वरण, दुधी, आणि डबा परत मागू नका. देवऋषी, गोमूत्र, कुठल्याशा बाबांची पुडी सुचवू नका. पुड्यांमध्ये काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्यासाठी शेक मध्येच सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. मोबाइलवर रात्री एकला "ग्रेड ४ म्हणजे किती महिने" असं शोधून सकाळी पेशंटच्या घरी फोन करणारा एक तरी भाचा असतोच. तो तुम्ही होऊ नका.

सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक अख्खी रात्र झोप मिळालीच पाहिजे. मन फारच बसलं तर १४४१६ वर टेलिमानस आहे, फोन फुकट असतो, मराठीत बोलता येतं.

आणि उपचार चालू असतानाच पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटा. "तिकडे पाठवलं म्हणजे सोडून दिलं" असं नसतं. डोकेदुखी, उलटी, झोप, गिळायचा त्रास, घरच्यांची घालमेल हे त्यांचं काम. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून मोफत सेवा देतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, त्याची शाखा गोव्यातही आहे. आईचे शेवटचे पाच आठवडे घरी गेले. जास्त झोपत होती, गिळणं कमी झालं होतं. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांनी फिटेचं औषध गोळीऐवजी दुसऱ्या मार्गाने कसं द्यायचं ते शिकवून ठेवलं होतं, म्हणून रात्री दोन वाजता तिला घेऊन धावायची वेळ आली नाही.

गावात कार्यक्रम करायचा असेल तर

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. लाइपझिगच्या एका जर्मन संस्थेने २००० साली तो सुरू केला, आणि या आजाराची फीत राखाडी रंगाची असते. फीत लावून फोटो काढण्याला माझी ना नाही, पण महिला मंडळात, एसटी डेपोत, तालमीत अर्धा तास मिळाला तर तो फिटेच्या प्रात्यक्षिकावर घालवा. एकाला सतरंजीवर झोपवा आणि दुसऱ्याला कुशीवर करायला लावा. मी सोबत एक वाढलेलं ताट नेते आणि विचारते, यातलं फक्त डावीकडचं राहत असेल तर तुम्ही काय समजाल? बायका चटकन म्हणतात, "नंबर वाढला असेल." मग सांगायला सोपं जातं.

मोबाइलचा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना "कदाचित" या गटात ठेवलं, म्हणजे पुरावा अपुरा आहे, ठाम दोष सिद्ध झालेला नाही. नक्की ठाऊक असलेली कारणं म्हणजे लहानपणी डोक्याला दिलेला मोठा शेक आणि काही दुर्मीळ आनुवंशिक आजार. बहुतेक पेशंटच्या बाबतीत कारण सापडतच नाही, त्यामुळे "काय खाल्लं, काय केलं म्हणून झालं" या प्रश्नावर घरच्यांना उभं करू नका.

कार्यक्रम संपला की लगेच निघू नका. सगळ्यांसमोर मोबाइलचं विचारतात आणि खरे प्रश्न चहाच्या वेळी, कप घेऊन बाजूला आल्यावर विचारतात, तेही "आमच्या शेजारणीला असं होतं" म्हणून. माझी शेवटची एसटी त्यापायी दोनदा चुकली आहे.